पोटगीची केस, नवऱ्याचा चारित्र्यावर आरोप आणि बेळगावातलं एक वकील ऑफिस: आमचा अनुभव

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. ऑफिसचं नाव इथं लिहीत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे आणि तिथल्या वकील मॅडमनी स्वतःच सांगितलंय की अनुभव खुशाल लिहा पण नाव, नंबर टाकू नका. चन्नम्मा सर्कलपासून कोर्टाकडं जाताना जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे, एक मॅडम, दोन ज्युनिअर आणि एक टायपिस्ट. मॅडम खानापूर भागातल्या, मराठी घरातल्या, पण कन्नड अशी बोलतात की कोर्टातला स्टाफ पण त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतो.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या इकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लेकीबाळी सर्रास गडहिंग्लज, चंदगड, आजरा, कोल्हापूरकडं दिलेल्या असतात आणि तिकडच्या सुना इकडं आलेल्या असतात. मोडलं की दोन राज्यांतली दोन कोर्टं, दोन भाषा, आणि त्यात नवऱ्यानं "बाई बाहेरख्याली आहे" असं लिहून दिलं की माहेरची माणसं गपगार होतात. पोटगी मागायचीच लाज वाटायला लागते. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत अगदी हेच झालं म्हणून जे जे कळलं ते सगळं लिहितेय, लांब होईल, पण ज्याच्या घरात हे चाललंय तो वाचेल.

थोडक्यात हकीकत अशी. बहीण गडहिंग्लज तालुक्यात दिलेली. मारहाण, माहेरून पैसे आण, हे सगळं सोसून शेवटी पोराला घेऊन आमच्याकडं वडगावला आली. इथं टिळकवाडीत एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली. पगार थोडका, त्यात पोराची शाळेची फी पण भागत नाही. आम्ही पोटगीचा अर्ज केला आणि तिकडून जे म्हणणं आलं त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं की हिचे दवाखान्यातल्या एका सहकाऱ्याशी अनैतिक संबंध आहेत, ती व्यभिचारात राहते, त्यामुळं पोटगीला पात्र नाही, आणि मुलाची डीएनए टेस्ट करा. आईनं ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही.

अर्ज दाखल करायला तेव्हा आम्ही दुसऱ्या एका वकिलांकडं गेलो होतो, ओळखीतनं. त्यांनी ते म्हणणं वाचलं आणि खुर्चीत मागं रेलून सांगितलं, आता पोटगी विसरा, असा आरोप आला की कोर्ट काही देत नसतंय, एकरकमी काहीतरी घ्या आणि सोडचिठ्ठी देऊन मोकळ्या व्हा. बहीण समोर बसलेली, तिच्याकडं बघून सुद्धा बोलले नाहीत, मामांकडं बघून बोलत होते. तिथनं फाईल काढून घेतली आणि आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी सांगितलं म्हणून या मॅडमकडं आलो.

मॅडमनी पहिल्या भेटीत काय केलं ते नीट सांगते, कारण साडेचार स्टार त्या एका भेटीचेच आहेत. आधी आम्हा सगळ्यांना, मामा, आई, मी, बाहेर बसायला सांगितलं. "अक्का, तुम्ही पण बाहेर, वाईट वाटून घेऊ नका." एकट्या बहिणीशी बोलल्या. तिनं नंतर मला सांगितलं की मॅडम म्हणाल्या, "खरं काय आहे ते मला सांग, मी तुला नावं ठेवणार नाही, पण मला माहीत नसलेली गोष्ट कोर्टात दुसऱ्या बाजूच्या वकिलाच्या तोंडून कळली तर मी तुला वाचवू शकणार नाही." मग आम्हाला आत बोलावलं आणि कायद्याचं पुस्तक उघडून आमच्यासमोर ठेवलं, कलमावर बोट ठेवून मराठीत वाचून अर्थ सांगितला.

पूर्वी ज्याला सगळे सीआरपीसी १२५ म्हणायचे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं पोटगीचं कलम, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, मजकूर बराचसा तोच. त्यात लिहिलंय की बायको "व्यभिचारात राहत" असेल, किंवा पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याजवळ नांदायला नकार देत असेल, किंवा दोघं आपसातल्या संमतीनं वेगळे राहत असतील तर तिला पोटगी नाही, अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पण नाही. आता यात "राहत असेल" हा शब्द आहे. मॅडम म्हणाल्या सगळी केस इथंच उभी असते. कुणाशी बोललं, कुणाच्या गाडीवर बसलं, कुणाला मेसेज केला, एवढंच काय एखाद्या वेळी पाऊल घसरलं तरी त्याला व्यभिचारात "राहणं" म्हणत नाहीत, तसा संबंध चालू पाहिजे, सतत पाहिजे, आणि पोटगी मागतेय त्या काळाच्या आसपासचा पाहिजे. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं हेच सांगितलंय की एकट्यादुकट्या प्रसंगानं पोटगीचा हक्क जात नाही, सतत आणि वारंवार असलं पाहिजे. मध्य प्रदेश हायकोर्टानं २०२५ मध्ये त्याच्याही पुढं जाऊन सांगितलं की शारीरिक संबंध नसताना बायकोचं दुसऱ्या कुणावर नुसतं प्रेम असलं तरी तो व्यभिचार होत नाही.

आणि हे सिद्ध कुणी करायचं? जो म्हणतोय त्यानं. बाईनं आपण पवित्र आहोत हे सिद्ध करत बसायचं नाही. हे वाक्य ऐकल्यावर माझ्या आईनं पदर डोळ्याला लावला, कारण आमच्याकडं तोपर्यंत सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं, की तुमच्या पोरीनं आता सिद्ध करावं लागेल.

पण मॅडमनी नुसतं गोड बोलून पाठवलं नाही, हे मला जास्त आवडलं. दुसरी बाजू पण सांगितली. खरोखर दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत असेल आणि ते पुराव्यानं शाबीत झालं तर पोटगी जाते, चालू असलेली सुद्धा रद्द होते. आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं २०२३ मध्ये विवाहबाह्य संबंध पुराव्यानं दिसल्यावर बायकोला घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालची पोटगी नाकारलीय. शिवाय पोटगी फक्त त्या एकाच कलमात नसते. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २५ आहे, घटस्फोटाच्या वेळच्या कायम पोटगीचं, त्यात पोटगी घेणारी बायको एकनिष्ठ राहिली नाही किंवा पोटगी घेणाऱ्या नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले तर कोर्ट तो हुकूम बदलू शकतं किंवा रद्द करू शकतं, म्हणजे तिथं नवऱ्याला पण तोच नियम. आणि १९५६ चा दत्तक व पोटगीचा कायदा आहे त्याच्या कलम १८ मध्ये बाई व्यभिचारी असेल तर वेगळं राहून पोटगी मागता येत नाही. तिथली भाषा जास्त कडक आहे. म्हणून कुठल्या कायद्याखाली अर्ज करायचा हे वकिलानं विचार करून ठरवायचं असतं, टायपिस्टकडं तयार असलेला नमुना काढून नाव बदलून द्यायचा नसतो. आधीच्या ठिकाणी आमच्या अर्जात दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या गावाचं नाव एका परिच्छेदात तसंच राहिलं होतं! मॅडमच्या ज्युनिअरनं ते दाखवलं तेव्हा मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

बरेच जण अजून म्हणतात की व्यभिचार हा गुन्हा आहे, पोलिसात देतो, आत घालतो. आमच्या बहिणीच्या सासऱ्यांनी फोनवर हीच धमकी दिली होती. तो गुन्हा राहिलेला नाही. सुप्रीम कोर्टानं २७ सप्टेंबर २०१८ ला आयपीसी ४९७, म्हणजे जुन्या दंडविधानातलं व्यभिचाराचं कलम, घटनाबाह्य ठरवलं आणि नवीन भारतीय न्याय संहितेत ते कलम आणलंच नाही. तसंही त्या जुन्या कलमात शिक्षा परपुरुषाला होती, बाईला नव्हतीच. पण म्हणून विषय संपला असं नाही, घटस्फोटाचं कारण म्हणून आणि पोटगीच्या आड यायला तो मुद्दा दिवाणी बाजूनं जिवंत आहे. हा फरक त्या धमकी देणाऱ्यांना कळत नाही आणि घाबरणाऱ्यांना पण कळत नाही.

आता त्या फोटोबद्दल. नवऱ्याकडच्यांनी कुणाला तरी पैसे देऊन पाळत ठेवायला लावली होती, डिटेक्टिव्ह म्हणे, आणि त्यातनं एक फोटो जोडला होता. गोवावेस सर्कलजवळचा, पावसातला, बहीण सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागं बसलीय, दोघांच्या मधी डब्याची पिशवी आणि तिनं एका हातानं छत्री धरलीय. खाली तारीख आणि वेळ छापलेली, रात्री आठ वीस. बस एवढंच. मॅडमनी तो कागद टेबललाईटखाली धरून कितीतरी वेळ बघितला आणि विचारलं, "दवाखान्याचं हजेरी मस्टर मिळेल का?" मिळालं. त्या दिवशी बहिणीची ड्युटी आठपर्यंत, त्या मुलाची पण आठपर्यंत, दवाखाना टिळकवाडीत, घर वडगावात, रस्ता तोच. एवढंच नाही तर त्या मस्टरमध्ये दिसलं की त्या आठवड्यात तिसरी एक सिस्टर पण लेट ड्युटीला होती. तिला पण तोच मुलगा एक दिवसाआड सोडायचा. मॅडम म्हणाल्या हा फोटो आपण नाकारायचाच नाही, होय म्हणायचं, पाऊस होता, सोडायला आला, पुढं बोला. लपवलं असतं तर त्याचंच भूत झालं असतं.

मग नवऱ्याकडच्यांनी मोबाईलचं काढलं. सहकाऱ्याच्या नंबरवरून हिला आलेले कॉल, आणि त्याचं टॉवर लोकेशन कोर्टानं मागवावं असा अर्ज. इथं मॅडमनी कर्नाटक हायकोर्टाचा २०२२ चा निकाल काढला, त्यात हायकोर्टानं सांगितलंय की बायकोचे संबंध सिद्ध करायचेत एवढ्या सबबीवर केसमध्ये नसलेल्या तिसऱ्या माणसाच्या मोबाईल टॉवरची माहिती मागवता येणार नाही, त्याच्या खासगीपणाचा भंग होतो. आमच्यात तो अर्ज पुढं गेलाच नाही. मला त्या सहकाऱ्याचं पण वाईट वाटतं, त्याचं लग्न ठरत होतं, उगीच त्याच्या घरी पण कालवाकालव.

एक मात्र लक्षात ठेवा, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नवरा-बायकोतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं त्यांच्यातल्या वैवाहिक केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं. म्हणजे भांडणात रागाच्या भरात "हो आहे माझं, काय करायचं ते कर" असं काही बोलून गेलात तर ते समोर येऊ शकतं. मॅडमनी बहिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं की त्याचा फोन आला तर शांत बोलायचं नाहीतर उचलायचाच नाही. आणि रेकॉर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट असं काही कोर्टात लावायचं तर त्याला सर्टिफिकेट लागतं, पूर्वीचं पुरावा कायद्याचं ६५ बी, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. सासूच्या शिव्यांची क्लिप आमच्याकडं होती, त्याच्यासाठी त्यांनी तो मूळ फोन जपून ठेवायला लावला, विकू नका, फॉरमॅट मारू नका. घरातल्या बऱ्याच जणांनी फॉरवर्ड केलेली क्लिप असते आणि मूळ फोन भंगारात गेलेला असतो.

डीएनएच्या मागणीवर मॅडमचा आवाज चढला, त्या दिवशी पहिल्यांदाच. पोरगं लग्नातलं, दोघं एका घरात राहत असताना झालेलं. कायद्यानं लग्न चालू असताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच मानायचं, त्या काळात दोघांचा एकमेकांशी संबंध येणंच शक्य नव्हतं असं दाखवलं तरच वेगळं. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय की बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला आडवाट म्हणून पोराची डीएनए टेस्ट मागता येत नाही, पोराचा पण खासगीपणाचा हक्क आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईवर काहीही आरोप असू दे, पोराची पोटगी त्यानं अडत नाही. तो त्याचा स्वतःचा हक्क. हे आमच्या ओळखीच्या एका बाईला कुणीच सांगितलं नाही, तिनं लाजेनं स्वतःची पण मागितली नाही आणि दोन पोरांची पण नाही, आज ती दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापते आणि त्यांचा बाप चारचाकी फिरवतो. हे लिहिताना पण मला राग येतोय.

आता सीमाभागातल्या लोकांनी हा भाग जरूर वाचा. पोटगीचा अर्ज बायको जिथं राहते तिथं करता येतो, म्हणजे नवरा महाराष्ट्रात असला तरी आम्ही बेळगावच्या फॅमिली कोर्टात केला, गडहिंग्लजला खेपा घालायची गरज नाही. तालुक्याच्या गावात राहत असाल तर नेमकं कुठल्या कोर्टात ते आधी विचारून घ्या. पण आमची केस इथं चालू असताना त्यानं तिकडं गडहिंग्लजला व्यभिचाराच्याच कारणावर घटस्फोटाचा दावा टाकला, कारण शेवटचे एकत्र तिथं राहिले होते म्हणून त्याला तिथं टाकता येतो. नोटीस आली तेव्हा मामा म्हणाले, आपली केस इकडं आहे, तिकडं कशाला जायचं. मॅडमनी कपाळाला हात लावला. तिकडं हजर राहिलं नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो, त्यात कागदावर येतं की व्यभिचार शाबीत, आणि मग तोच कागद घेऊन तो बेळगावला येतो आणि म्हणतो हिची पोटगी बंद करा. एरवी घटस्फोट झाला तरी बाईनं दुसरं लग्न केलेलं नसेल तर तिला १४४ खाली पोटगी मागता येते, पण घटस्फोटच व्यभिचारावर झाला असेल तर गोष्ट अवघड. छत्तीसगड हायकोर्टानं २०२५ मध्ये व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट झालेल्या बाईची पोटगी नाकारलीय. म्हणून तिकडं हजर राहायचंच. केस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करायची तर ते फक्त सुप्रीम कोर्टच करू शकतं, तेवढा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून मॅडमनी गडहिंग्लजच्या एका वकिलांशी गाठ घालून दिली आणि तिथंच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केसचा खर्च आणि येण्याजाण्याचा खर्च नवऱ्याकडनं मागायला लावला. दोन्हीकडं पोटगी मागितली तर दुसऱ्या कोर्टात पहिल्याची माहिती द्यावी लागते, ती रक्कम धरून पुढचा हिशोब होतो, हे पण त्यांनी आधीच कागदावर लिहून घेतलं.

पगार लपवायचा का, हा घरात मोठा वाद झाला. मामा म्हणत होते नोकरी सोड, नाहीतर कोर्ट काही देणार नाही. मॅडम म्हणाल्या अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनी पण उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर द्यायचं असतं, आणि त्याच निकालात आहे की बायको कमावते एवढ्यावरनं पोटगी नाकारता येत नाही, तिला मिळतं तेवढ्यात ती नीट राहू शकते का ते बघायचं. बहिणीनं खरा पगार लिहिला, बँक पासबुक लावलं. त्यानं मात्र स्वतःला मजूर लिहिलं! ऊस जातो साखर कारखान्याला, ट्रॅक्टर आहे, आणि म्हणे मजूर. मॅडमनी सातबारा काढायला लावला. महाराष्ट्राचा सातबारा ऑनलाईन मिळतो हे माझ्या भाच्यानं पाच मिनिटांत करून दाखवलं, ट्रॅक्टरचा नंबर पण शोधला. कोर्टात तो कागद ठेवला तेव्हा त्यांचे वकील वेळ द्या म्हणाले.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, आम्हाला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, नोटीसच दोनदा परत आली, घर बंद म्हणून. शेवटी ऑर्डर झाली, बहिणीला आणि पोराला मिळून महिना आठ हजार, अर्ज केला त्या तारखेपासून, तोही २०२० च्या त्याच निकालाप्रमाणं. ऑर्डरमध्ये आरोपाबद्दल एवढंच आलंय की तो साक्षीपुराव्याचा विषय आहे, नुसत्या म्हणण्यावर अंतरिम पोटगी नाकारता येणार नाही. ज्युनिअर मुलीनं ती ऑर्डर वाक्यावाक्यानं मराठीत सांगितली, आई शेजारी बसून ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "परत एकदा वाच गं ते." तिनं परत वाचलं.

आता अर्धा स्टार कशाचा कापला ते. दुपारी फोन उचलत नाहीत, कोर्टात असतात मान्य आहे, पण तारीख पुढं गेली तर एक मेसेज टाकायला काय हरकत आहे, बहिणीला दवाखान्यातनं सुट्टी काढावी लागते आणि त्याचा पगार कापतात. जिना अरुंद आणि अंधारा, आईला गुडघ्यामुळं चढताना फार त्रास होतो. गाडी लावायला जागा नाही. मराठी कागद, म्हणजे बहिणीनं लिहिलेली पत्रं, मेसेज, ते कोर्टात लावायचे तर भाषांतर जोडावं लागलं आणि त्याचा खर्च वेगळा पडला, तो आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. बाकी फी एकदम घेत नाहीत, टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक वेळी पावती, न मागता. कन्नडमध्ये टाईप केलेल्या कुठल्याही कागदावर सही घ्यायच्या आधी तो मराठीत वाचून दाखवतात, हे मी स्वतः बघितलंय, दुसऱ्या पक्षकारांच्या बाबतीत पण.

ज्यांना लगेच भांडून घ्यायचंय, समोरच्याची बदनामी करायचीय त्यांना या मॅडम आवडणार नाहीत. नवऱ्याच्या एका बाईबरोबरच्या फोटोवरनं आम्ही पण तसाच गोंधळ घालायला निघालो होतो, त्यांनी थांबवलं, म्हणाल्या जे आपण त्याला म्हणतोय तेच आपल्याला पण लागू, पुरावा असेल तर लिहू नाहीतर नाही. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली किंवा दुसरं लग्न केलं असेल तर बायकोला वेगळं राहायला ते कायद्यानंच रास्त कारण धरलं जातं, पण तेही दाखवावं लागतं. काही बायका, आणि काही नवरे पण, खोट्या आरोपांचे बळी असतात आणि मॅडमकडं दोन्ही बाजूंच्या केसेस आहेत, नवऱ्याच्या बाजूनं त्या व्यभिचाराचा मुद्दा घेतात का विचारलं तर म्हणाल्या, घेते, पण कोण, कधी, कुठं हे लिहून दे म्हणते, निम्मे लोक तिथंच उठून जातात.

सध्या आमची परिस्थिती अशी की मधे दोन महिने त्यानं पैसे भरले नाहीत. वसुलीचा अर्ज टाकलाय, थकल्यापासून एका वर्षाच्या आत टाकावा लागतो हे लक्षात ठेवा, नाहीतर ती रक्कम अशी वसूल करता येत नाही. वॉरंट निघतं, तरीही भरलं नाही तर महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. वॉरंटची चाहूल लागली तसा एक महिन्याचा भरणा आला. मूळ अर्जात आता बहिणीचा उलटतपास आहे, त्या फोटोवर विचारणार हे ठरलेलंच, मॅडमनी तिची तयारी करून घेतलीय, पाठांतर नाही, फक्त सांगितलंय की जेवढं विचारलं तेवढंच आणि जे घडलं तेच बोल.

फी अजिबातच परवडत नसेल तर खाजगी वकिलाकडं जायचीच गरज नाही. बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो, कलम १२, बेळगावच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, सोबत आधार, लग्नाचा काही पुरावा, म्हणजे पत्रिका किंवा फोटो चालतो, आणि पोराचा जन्मदाखला न्या. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा नंबर आहे. तिथं पण नेमून दिलेल्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की मला कन्नड वाचता येत नाही, सहीच्या आधी मराठीत वाचून दाखवा.